दुसऱ्याचं अर्धवट

जुन्या गाड्यांच्या बाजारात ‘प्रोजेक्ट’ नावाचा एक वेगळाच प्रकार असतो. ती धड चालणारी गाडी नसते आणि भंगारही नसतं. कुणीतरी हौसेनं खोललेली, अर्धी जोडलेली, आणि मग आयुष्यात दुसरंच काहीतरी घडल्यामुळे ताडपत्रीखाली गेलेली. सीटा माळ्यावर, दरवाजे भिंतीला टेकवलेले, नटबोल्ट दुधाच्या धुतलेल्या पिशव्यांत. विकणारा हमखास दोन गोष्टी सांगतो. एक, ‘बरंचसं काम झालंय.’ दोन, ‘पूर्ण करणाऱ्यालाच द्यायची आहे.’ पहिलं वाक्य क्वचितच खरं निघतं. दुसरं मात्र जवळजवळ नेहमी मनापासून असतं.

हा लेख त्या दुसऱ्या वाक्याबद्दल आहे.

दोन वर्षांपूर्वी मी अशी एक मारुती जिप्सी घेतली. २००४ची, पेट्रोलवरची, तेराशे सीसीची. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. घर साताऱ्याला, घरामागे पत्र्याची शेड, आणि हातात शनिवार-रविवार. विकणारे गृहस्थ चाळिशी ओलांडलेले, मी त्यांना दादा म्हणतो. त्यांनी सहा वर्षं या गाडीवर रविवार घातले होते. डोंगरात, नदीपात्रात, दगडधोंड्यांतून जाणारी उंच जिप्सी त्यांना बनवायची होती. मग दुसरं मूल झालं, वडिलांचं आजारपण आलं, बदली झाली. पैसे देऊन झाले, गाडी आयशरमध्ये चढली, दोऱ्या आवळल्या, तेव्हा दादा म्हणाले, “पूर्ण कर बरं का.”

मी म्हणालो, “हो.”

पैशांचा व्यवहार कागदावर होता. हा ‘हो’ कुठेच लिहिलेला नाही. तरी गेली दोन वर्षं मला कागदापेक्षा त्याचाच विचार जास्त करावा लागला. गाडी माझ्या नावावर झाली, म्हणजे ती मी हवी तशी करू शकतो का? की त्या ‘हो’मुळे मी दादांच्या मनातली गाडी बनवायला बांधलेला आहे? आणि त्यांच्या मनातली गाडी बनवणंच चुकीचं असेल तर?

*

ज्यांना गाड्यांत रस नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण प्रश्न लोखंडातूनच सुरू होतो.

जिप्सी भारतात १९८५च्या शेवटी आली. आपल्या लष्करानं ती हजारोंनी वापरली, त्यामुळे सिनेमात आणि संचलनात तुम्ही ती पाहिलेली असते. रचना अगदी साधी. खाली शिडीसारखी चासी, पुढे आणि मागे दोन्हीकडे लोखंडी नळीतला अखंड अ‍ॅक्सल, ज्याला आपले मेस्त्री ‘हाउसिंग’ म्हणतात, आणि बैलगाडीपासून ट्रकपर्यंत सगळ्यांना ओळखीचे पाटे. कंपनीतून गाडी येते तेव्हा हे पाटे हाउसिंगच्या खाली बसवलेले असतात. 

हौशी लोक पहिला बदल करतात तो इथे. पाटे खालून काढून हाउसिंगच्या वर बसवायचे. त्यासाठी हाउसिंगच्या नळीवर वरच्या बाजूनं लोखंडी बैठका वेल्ड करायच्या. एवढ्यानं गाडी साधारण पाच इंच उचलली जाते. मग मोठे टायर बसतात, गाडीचं पोट दगडाला घासत नाही. फोटोत तर ती फारच देखणी दिसते.

पण गाडीतला एकही बदल एकटा येत नाही. गाडी उंच झाली की स्टिअरिंगच्या पेटीकडून चाकाकडे जाणारा दांडा तिरका होतो. मग चाक खड्ड्यावरून वर उचललं गेलं की तो दांडा चाकाला आडवा ढकलतो आणि तुम्ही स्टिअरिंग सरळ धरलेलं असतानाही गाडी स्वतःहून वळू पाहते. इंजिनची ताकद अ‍ॅक्सलकडे नेणाऱ्या शाफ्टचा कोन बदलतो, त्याचे क्रॉस लवकर खलास होतात. ब्रेकचे पाइप ताणले जातात. यातल्या प्रत्येकावर उपाय आहे आणि तो करणारे चांगले लोकही आहेत. मात्र ते सगळे उपाय एकत्रच करावे लागतात. पहिला करून बाकीचे राहिले, तर गाडी पहिल्यापेक्षा वाईट होते.

दादांचं नेमकं तेच झालं होतं. पाटे वर गेले होते. स्टिअरिंगचं काम ‘पुढच्या उन्हाळ्यात’ होतं. तो उन्हाळा आलाच नाही.

त्यात एक गोष्ट मला पहिल्याच महिन्यात दिसली. पुढच्या उजव्या बाजूची बैठक पूर्ण वेल्ड केलेली नव्हती. नुसते टाके मारले होते. वेल्डिंग करताना आधी चार ठिकाणी टाके मारून माप बघतात आणि मग पूर्ण शिवण घालतात. इथे शिवण राहून गेली होती आणि वरून काळा रंग लागला होता. रंगामुळे चारही बैठका सारख्याच दिसत होत्या.

मी दादांना विचारलं. ते म्हणाले, “पाऊस तोंडावर आला होता रे. गंजू नये म्हणून हात मारून ठेवला. पुढच्या रविवारी घासून वेल्ड करणार होतो.”

यात लबाडी कुठेच नाही. माणसानं आपल्या वस्तूची काळजी घेतली. पण त्या काळजीमुळेच ती वस्तू धोकादायक झाली. उघडा, गंजलेला टाका ओरडून सांगतो की मी अपुरा आहे. रंगवलेला टाका गप्प बसतो. आमच्या कामातही हे रोज भेटतं. जे काम झालेलंच नाही, त्यानं फारसं कुणाचं बिघडत नाही. जे झाल्यासारखं दिसतं, ते रात्री दोन वाजता उठवतं.

*

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही बहुतेक वेळ दुसऱ्यांनी सोडलेली कामंच पुढे नेत असतो. लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला असतो. कुठली ओळ कुणी शेवटची बदलली हे दाखवणारी एक आज्ञा आमच्याकडे आहे, तिचं नाव ‘गिट ब्लेम’. ब्लेम, म्हणजे दोष. हे नाव फार प्रामाणिक आहे. दुसऱ्याचं काम हातात आलं की आपली पहिली ऊर्मी समजून घेण्याची नसते, कुणाच्या माथी मारायचं ते शोधण्याची असते.

इंग्लिश लेखक जी. के. चेस्टरटन यांनी १९२९च्या एका पुस्तकात एक मुद्दा मांडला आहे, जो आमच्या क्षेत्रात वारंवार सांगितला जातो. रस्त्यात आडवं कुंपण दिसलं आणि त्याचा उपयोग कळला नाही, तर ते काढू नका. ते का घातलं होतं हे कळल्यावर मग खुशाल काढा.

जिप्सीत असं कुंपण मला एका बारक्या रबरी नळीच्या रूपात भेटलं. मागच्या हाउसिंगवरून निघून चासीच्या कडेकडेनं ती पुढे इंजिनपाशी, पार वरपर्यंत आली होती. तिथे तिचं तोंड एका छोट्या टोपीत संपत होतं. तिचा कशाशी काही संबंध दिसत नव्हता. आमच्या गल्लीतले वेल्डिंगचे मेस्त्री म्हणाले, “आरं, काढून टाक. हौशी लोक काय पण लावत्यात.”

मी ती ठेवली आणि शोधत बसलो. उत्तर सुंदर होतं. चालून चालून हाउसिंग तापतं, आतली हवा फुगते. ती बाहेर जावी म्हणून वर एक छोटं छिद्र असतं. अशी तापलेली गाडी ओढ्यात उतरली की हाउसिंग एकदम गार होतं, आतली हवा आकसते आणि त्याच छिद्रातून पाणी आत ओढलं जातं. तेलात पाणी गेलं की आतले दातेरी गियर आणि बेअरिंग हळूहळू मरतात. म्हणून ते छिद्र नळी लावून पाण्याच्या पातळीच्या वर नेऊन ठेवायचं. दादांनी ते केलं होतं. ओढ्यापर्यंत गाडी कधी पोचलीच नाही, पण तिची तयारी करून ठेवली होती.

मेस्त्रींना सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ नळीकडे बघत राहिले. म्हणाले, “हुशार हाय की गडी.”

तर एकाच माणसाच्या एकाच गाडीत ही नळीही होती आणि तो रंगवलेला टाकाही होता. ‘त्यानं चांगलं काम केलं होतं की वाईट?’ हा प्रश्नच तिथे निकामी होतो. प्रत्येक बोल्टपाशी थांबून नव्यानं विचारावं लागतं.

*

मग त्या ‘हो’चं काय करायचं?

दुसऱ्याचं काम पूर्ण करण्याच्या दोन रीती आपल्याकडे जुन्या काळापासून आहेत, आणि त्यांतली एक दुसरीच्या उलट जाते.

सातव्या शतकात बाणभट्टानं ‘कादंबरी’ लिहायला घेतली आणि ती अपुरी ठेवून तो गेला. पुढचा भाग त्याच्या मुलानं लिहिला. त्याचं नाव भूषणभट्ट असं सांगतात. सुरुवातीलाच तो सांगतो की कवित्वाच्या गर्वापोटी मी हे करत नाही, कथा अपुरी राहिल्याचं सज्जनांना दुःख होतं म्हणून करतो. आज आपण ज्या लेखनप्रकाराला कादंबरी म्हणतो, त्याला नाव देणारं पुस्तकच मुळात दोन माणसांनी मिळून पूर्ण केलेलं आहे.

दुसरी रीत एकनाथांची. शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. नकला करता करता जे पाठ बिघडले होते ते नीट केले आणि शेवटी बजावलं की या ग्रंथात जो स्वतःची ओवी घालेल, तो अमृताच्या ताटात नरोटी ठेवेल. दुरुस्त करा, पण स्वतःला घुसवू नका.

आणि गंमत अशी की याच एकनाथांचं ‘भावार्थ रामायण’ त्यांच्या हातून पूर्ण झालं नाही. परंपरा सांगते की युद्धकांडातून पुढचं त्यांचा शिष्य गावबा यानं लिहिलं, आणि ते काम नाथांनीच त्याच्यावर सोपवलं होतं. ज्यांनी दुसऱ्याच्या ग्रंथात एक ओवी घालायला मनाई केली, त्यांनी स्वतःच्या ग्रंथात मात्र शिष्याला अध्यायच्या अध्याय लिहू दिले. मला यात विसंगती वाटत नाही. ज्ञानेश्वरी पूर्ण होती, तिला फक्त राखायचं होतं. रामायण अपुरं होतं आणि लिहिणाऱ्यानं ते सोपवलं होतं. राखणं आणि पुढे नेणं ही वेगळी कामं आहेत. आपल्या हातात यांपैकी कुठलं आलंय हे आधी ओळखावं लागतं.

माझ्या हातात दुसरं होतं. अपुरं, आणि ‘पूर्ण कर’ असं सांगून दिलेलं. म्हणजे गावबाचं काम. मग दादांच्या मनातली उंच जिप्सीच मी बनवायला हवी होती, नाही का?

इथे मी बरेच आठवडे अडकलो होतो. सुटलो ते एका साध्या फरकापाशी. अपुऱ्या कथेचा शेवट फसला तर वाचक पुस्तक मिटून ठेवतो. अपुऱ्या गाडीचा शेवट फसला तर तो साताऱ्याच्या रस्त्यावर सायकलवरून शाळेत निघालेल्या एखाद्या मुलीवर फसतो. दादांनी ‘पूर्ण कर’ म्हटलं होतं, मी ‘हो’ म्हटलं होतं. ती मुलगी या बोलण्यात नव्हती. तिला कुणी विचारलं नव्हतं. दोन माणसांनी एकमेकांना दिलेला शब्द कितीही खरा असला, तरी त्याची किंमत तिसऱ्याकडून वसूल करता येत नाही.

कायदाही जवळपास हेच म्हणतो, फक्त त्याच्या कोरड्या भाषेत. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२नुसार कंपनीनं मुळात ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच स्पष्ट केलं. पंधरा वर्षांनंतरच्या पासिंगला गाडी तपासायला न्यावी लागते. हौशी मंडळींत त्यावर बऱ्याच युक्त्या चालतात: पासिंगपुरते मूळ टायर लावायचे, नंतर परत बदलायचे. पण समजा कायदा नसता, तरी तिरका दांडा तिरकाच राहिला असता.

*

एका रविवारी मी फोन केला.

“दादा, पाटे परत खाली घेतोय.”

थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाले, “म्हणजे उंची गेली.”

“हो.”

“मग मी म्हणत होतो ती गाडी ही नव्हे.”

“नाही,” मी म्हणालो. “ती ही नव्हे.”

समजूत घालणारं काही बोलावंसं वाटलं, पण बोललो नाही. त्यांचं खरं होतं. मग मला एक गोष्ट आठवली जी मला कित्येक दिवस कोड्यात टाकत होती. हाउसिंगच्या खालच्या बाजूच्या कंपनीच्या मूळ बैठका त्यांनी तशाच ठेवल्या होत्या. पाटे वर नेल्यावर त्यांचा काही उपयोग उरत नाही, दगडाला अडकतात म्हणून बरेचजण त्या कापून टाकतात. मी विचारलं, “दादा, खालच्या बैठका कापल्या कशा नाहीत?”

ते म्हणाले, “असू दे म्हटलं. कधी लागल्या तर.”

ते सहज बोलले, पण माझ्यासाठी त्या उत्तरात बरंच काही होतं. मी इतके दिवस ‘दादांची इच्छा’ ही एकच, ठाम गोष्ट धरून चाललो होतो. त्यांच्या मनात उंच जिप्सी होती, हे खरं. पण त्याच मनात एक शंकाही होती, आणि त्यांनी तिच्यासाठी परतीची वाट शाबूत ठेवली होती. जुने शाफ्टसुद्धा गोणपाटात गुंडाळून मला दिले होते. आपण दुसऱ्याच्या इच्छेचा मान राखायचं म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा त्याच्या सर्वांत मोठ्या आवाजातल्या इच्छेचा मान राखतो. सहा वर्षं एखाद्या कामात असलेल्या माणसाच्या इच्छा अनेक असतात. त्यांतली काही तो बोलतो, काही नुसत्याच न कापता ठेवून देतो.

*

आई एकदा शेडमध्ये चहा घेऊन आली. पसारा बघून म्हणाली, “त्यांना जमलं नाही म्हणून तर तुझ्याकडे आलं ना हे?”

मला तसं वाटत नाही. जमलं नाही असं नव्हतं. मला वाटतं, तो टाका दिसूनही पाटे खाली घेणं दादांना शक्य नव्हतं, कारण त्यासाठी स्वतःचेच तीन उन्हाळे ग्राइंडरनं कापावे लागले असते. आधी घातलेला वेळ आणि पैसा परत येत नाही हे कळत असूनही त्याच्याच ओढीनं आपण पुढचा वेळ घालत राहतो. अर्थशास्त्रात याला नाव आहे आणि आपल्या प्रत्येकाकडे याचं उदाहरण आहे. मला ते काम सोपं गेलं, कारण ते रविवार माझे नव्हते. मी हुशार होतो अशातला भाग नाही.

म्हणून सोडून देणं याला मी आता हार म्हणत नाही. काही कामं पहिल्या हातातून सुटल्याशिवाय पुढे जातच नाहीत. आपल्याकडे अर्धवट सोडणाऱ्याला फार बोल लावतात. शाळेपासून ‘हाती घेशील ते तडीस ने’ हेच शिकवलेलं असतं. पण आपण ज्या वाटेनं नेतोय त्या वाटेनं ते तडीस जाणार नाही हे उमगून, ते फोडून भंगारात न विकता कुणाच्या तरी हाती देणं, यालाही हिंमत लागते.

मात्र यात माझ्या बाजूचा धोकाही आहे. रविवार माझे नव्हते म्हणून कापणं सोपं होतं, आणि सोपं होतं म्हणून मी काहीही कापू शकलो असतो. ती नळीसुद्धा. नव्यानं आलेल्या माणसाची नजर मोकळी असते हे खरं, पण बऱ्याचदा मोकळी म्हणजे नुसती कोरी असते. म्हणून मी स्वतःपुरता नियम केला: कारण कळल्याशिवाय काढायचं नाही, आणि कारण कळलं तरी तेवढ्यासाठी ठेवायचं नाही.

या नियमाचा एक परिणाम मला आधी लक्षात आला नव्हता. एखादा बोल्ट समजून घेऊन मी तो तसाच ठेवला, की तो माझा झाला. आता तो ढिला निघाला तर ‘आधीच्या माणसानं लावला होता’ असं म्हणायची सोय उरत नाही. पूर्ण करणं म्हणजे बहुधा एवढंच. शेवटचा स्क्रू बसवणं हा त्यातला छोटा भाग. दोष द्यायला दुसरं कुणी उरू नये, हा मोठा भाग. त्या ‘हो’नं मला दादांच्या स्वप्नाशी बांधलं नव्हतं. त्यांनी केलेल्या आणि न केलेल्या सगळ्याची जबाबदारी घ्यायला बांधलं होतं.

आता जिप्सी कंपनीनं ठरवलेल्या उंचीवर उभी आहे. पाटे खाली, शाफ्ट जुनेच, वरच्या बैठका कापून हाउसिंग घासलेलं. पासिंग झालं. मोठे टायर विकले आणि त्या पैशांत ब्रेक नवे केले. वायरिंग दादांचं आहे, तळाच्या पत्र्याचं काम दादांचं आहे, ती नळी दादांची आहे. कुणी विचारलं, “तूच बनवलीस का?” तर मी म्हणतो, “आम्ही दोघांनी, वेगवेगळ्या वेळी.” दादा अजून बघायला आलेले नाहीत. येईन म्हणतात. मी आग्रह करत नाही.

डॅशबोर्डच्या कप्प्यात मी एक दोनशे पानी वही ठेवली आहे. काय काढलं, का काढलं, काय ठेवलं, कुठला टाका पूर्ण वेल्ड केला, कुठला बोल्ट किती आवळलाय. राहिलेल्या कामांचं पान वेगळं आहे, कारण वरचा कापडी हूड अजून शिवून व्हायचाय, डाव्या दाराची काच अडकते आणि रिव्हर्सचा दिवा मनाला येईल तेव्हा लागतो. माझंही काही सांगता येत नाही. नोकरी बदलेल, शहर बदलेल, एखादा उन्हाळा येणारच नाही. वही निदान पुढच्याला मिळेल.